हवा बनवणारं घर

लंडनला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत छत्री हमखास असते, पण त्याच्या यादीत क्यू गार्डन्स क्वचितच असतं. यादीत बकिंगहॅमचा राजवाडा असतो, टॉवर ब्रिज असतो, लॉर्ड्स असतं, किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर असतं. मग सकाळी हॉटेलच्या खिडकीबाहेर रिपरिप सुरू होते, यादीतलं अर्धं गळून पडतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी अख्खं लंडन एकाच रांगेत उभं असतं.

खरं तर लंडनचा पाऊस बदनाम आहे तेवढा मोठा नाही. वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर. पुण्यात याहून जास्त पडतो आणि मुंबईचा एकटा जुलै लंडनच्या वर्षाला भारी ठरतो. फरक वाटणीत आहे. आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो. लंडनचा बाराही महिने थोडा थोडा येत राहतो. त्यामुळे तिथे आठवडाभर राहिलं की एक-दोन दिवस भिजके निघणारच, हे धरूनच चालावं.

अशा दिवशी क्यूला जावं असं माझं मत आहे. डोक्यावर छप्पर मिळतं हे त्याचं कारण नव्हे. छप्पर कुठल्याही मॉलमध्ये मिळतं. कारण असं की क्यूची काचघरं पावसातच नीट कळतात. लख्ख उन्हात ती नुसती देखणी बाग वाटतात. आभाळ भरलेलं असतं, बाहेर दहा अंशांची हवा असते, तेव्हा ध्यानात येतं की हे एक यंत्र आहे. बाहेर जे नाही ते आत तयार करणारं, आणि एक दिवसही बंद ठेवता न येणारं.

क्यू आहे लंडनच्या नैऋत्येला, थेम्सच्या काठी. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरलं की व्हिक्टोरिया गेट चालत पाच-सात मिनिटांवर. १७५९ मध्ये राजघराण्यातल्या ऑगस्टा या सुनेने इथे परदेशी झाडांची बाग सुरू केली, १८४० मध्ये ती सरकारकडे आली आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. गेटातून आत शिरलं की थोड्याच वेळात तळ्याच्या पलीकडे पांढऱ्या लोखंडाचा आणि काचेचा मोठा फुगवटा दिसतो. ते पाम हाउस.

दार ढकललं की आधी चष्मा जातो. काही दिसेनासं होतं. मोबाइलची आणि कॅमेऱ्याची भिंगंही आंधळी होतात, दारात सगळे पर्यटक शर्टाच्या टोकाने काही ना काही पुसत उभे असतात. पुसून उपयोग नसतो, लगेच पुन्हा धुकं धरतं. भिंग बाहेरच्या थंडीतून आलेलं असतं आणि आतली हवा उबदार व बाष्पाने भरलेली असते. ती हवा थंड काचेला लागली की निवते आणि तिला एवढं बाष्प पेलवत नाही. जास्तीचं बाष्प थेंब होऊन काचेवर बसतं. भिंग खोलीइतकं गरम होईपर्यंत हे चालतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून पंधरा मिनिटं हिंडावं, मग बाहेर काढावा, हाच उपाय.

चष्म्यावरचं हे धुकं आणि त्या इमारतीपुढची सगळ्यात अवघड समस्या एकाच हिशेबातून येतात. दहा अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. पंचवीस अंशांच्या हवेत तेवीस ग्रॅम. आता बाहेरची पावसाळी, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आत घेतली आणि नुसती तापवली, तर तिच्यातलं पाणी साडेनऊ ग्रॅमच राहतं, पण सामावून घ्यायची ताकद तेवीस ग्रॅमची होते. म्हणजे शंभर टक्के आर्द्रतेची हवा चाळीस टक्क्यांवर येते. बाहेर धो धो पाऊस असला तरी आत नुसती उष्णता दिली तर जंगल होत नाही, भट्टी होते. थंडीत हीटर लावलेल्या खोलीत ओठ फुटतात ते याच कारणाने. म्हणून पाम हाउसमध्ये उष्णतेबरोबर पाणीही हवेत सोडावं लागतं. वरच्या नळ्यांतून बारीक तुषार सुटतात. आपल्याकडे पॉलीहाऊसवाले ज्याला फॉगर म्हणतात तोच प्रकार. शिवाय वाटांवर पाणी मारून त्या ओल्या ठेवायची माळ्यांची जुनी रीत आहेच.

हवेत सोडलेलं हे पाणी छताच्या थंड काचेला जाऊन लागतं, तिथे पुन्हा थेंब होतं आणि लोखंडी फासळ्यांवरून ओघळतं, कधी सरळ तुमच्या मानेवर. पावसाच्या दिवशी काच अधिक थंड असल्याने हे जास्त होतं. बाहेर एक पाऊस, आत दुसरा. आतल्या पावसाने जेवढी झाडं जगतात तेवढंच लोखंड गंजतं. १९८४ ते १९८८ या काळात सगळी झाडं बाहेर काढून ही इमारत अक्षरशः सोलून दुरुस्त करावी लागली आणि काचा धरून ठेवणाऱ्या सुमारे १६ किलोमीटर लांबीच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घातल्या गेल्या.

मुळात ही इमारत उभी राहिली १८४४ ते १८४८ मध्ये. वास्तुरचनाकार डेसिमस बर्टन, पण तिचा खरा जीव डब्लिनच्या रिचर्ड टर्नर या लोहारकामातल्या माणसाचा. जहाजाच्या डेकखाली ज्या प्रकारच्या घडीव लोखंडाच्या तुळया घालतात, त्याच वाकवून त्याने या घराच्या फासळ्या केल्या. ओतीव लोखंडापेक्षा घडीव लोखंड ताण सोसतं, त्यामुळे आतले पुष्कळसे खांब वगळता आले. लांबी ११० मीटर, मधली उंची वीस मीटरच्या घरात, काचा सुमारे १६ हजार. खालून वर पाहिलं तर उलट्या टांगलेल्या गलबताच्या पोटात उभं असल्याचा भास होतो आणि तो अगदीच खोटा नाही.

एवढी काच परवडली कशी, याचं उत्तर करखात्यात आहे. इंग्लंडमध्ये काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला. काच स्वस्त झाली आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये काचेच्या इमारतींची लाटच आली. १८५१ चा क्रिस्टल पॅलेस त्यातलाच.

टर्नरच्या घराला मात्र दोन चुका जन्मतःच चिकटल्या. पहिली रंगाची. उन्हाने परदेशी पानं करपतील या धास्तीने काचेत तांब्याचा अंश मिसळून ती हिरवट केली होती. इंग्लंडमध्ये, उन्हाची धास्ती! पुढे लंडनच्या कोळशाच्या धुराने काचांवर काजळी बसायला लागली, झाडं उजेडावाचून रोडावली आणि शतक संपता संपता हिरवी काच सोडून साधी घालायला सुरुवात झाली. दुसरी चूक धुराड्याची. एवढ्या देखण्या इमारतीला धुराडं शोभणार नाही म्हणून बॉयलर तळघरात ठेवले आणि धूर जमिनीखालच्या सुमारे दीडशे मीटरच्या बोगद्यातून दूरच्या एका मनोऱ्याकडे नेला. त्याच बोगद्यातून छोट्या रुळांवरून कोळसा यायचा. कागदावर योजना झकास होती. प्रत्यक्षात धुराला हवी तशी ओढ मिळेना आणि शेजारच्या तळ्याचं पाणी तळघरात झिरपायला लागलं. मनोरा अजून उभा आहे. व्हिक्टोरिया गेटजवळचा तो विटांचा उंच बुरूज लोक चर्चचा समजून फोटो काढतात, तेच हे धुराडं.

यंत्र थांबलं तर काय होतं, याचं उदाहरण डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला आहे. तिथे जोसेफ पॅक्स्टनने १८४० मध्ये पाम हाउसइतकंच उंच आणि त्याहून रुंद काचघर बांधलं होतं. त्याचं नावच ग्रेट स्टोव्ह, म्हणजे मोठी शेगडी. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला. झाडं मेली. १९२० मध्ये सुरुंग लावून इमारत पाडली. ऐंशी वर्षांचं जंगल जळण तुटलं म्हणून संपलं. क्यूमध्ये आज कोळशाची जागा गॅसने घेतली आहे, आणि संस्थेने २०३० पर्यंत आपण सोडतो त्याहून जास्त कार्बन शोषून घेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ते गाठताना सगळ्यात मोठा अडसर हीच जुनी काचघरं.

काचघर तापतं कसं, याबद्दल शाळेत शिकलेलं उत्तर अर्धं खरं आहे. सूर्याचा दृश्य प्रकाश काचेतून आत येतो, जमीन तापते, तिच्यातून निघणारी अवरक्त उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही, असं आपण पाठ केलेलं असतं. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक वडी, जिच्यातून अवरक्त किरण सहज निसटतात. उन्हात ठेवल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे उष्णता राखण्याचं मोठं काम काच करते ते किरण अडवून नव्हे, तर गरम झालेल्या हवेला वर उडून जाऊ न देता. लॉक केलेली मोटार उन्हात तापते ती याच कारणाने; काच चार बोटं खाली करा, हवा फिरायला लागते आणि तापमान उतरतं. पाम हाउसच्या वरच्या खिडक्या उन्हाळ्यात उघडतात त्या याचसाठी. पण हे सगळं ऊन असेल तर. नोव्हेंबरातल्या ढगाळ दिवशी काच फक्त भिंत असते, बाकीचं काम बॉयलरचं.

उष्णता आणता येते, पाणी आणता येतं. उजेड आणणं अवघड. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास उजेड पडतो. हिवाळ्यातल्या दाट ढगांखाली तो दहा हजारांच्याही खूप खाली येतो. आपले डोळे सरावतात, म्हणून हा फरक आपल्याला एवढा जाणवत नाही. पानांना जाणवतो. त्यात लंडन उत्तरेला साडेएक्कावन्न अंशांवर. २१ डिसेंबरला तिथला दिवस आठ तासांचाही नसतो. त्याच दिवशी मुंबईत अकरा तास उजेड असतो. अशा दिवसांत झाडांना भरपूर ऊब दिली तर ती उजेडाच्या शोधात लांबट, फिकट, लुळी वाढतात. म्हणून माळी हिवाळ्यात पाणी कमी करतात, ऊबही बेताची ठेवतात आणि झाडाला थोडं थांबवून धरतात. खरी विषुववृत्तीय झाडं अशी थांबायला शिकलेलीच नसतात. ती क्यूमध्ये शिकली.

आत काय काय आहे याची यादी मी देणार नाही. पण मराठी माणसाला इथे एक वेगळाच अनुभव येतो. आजूबाजूचे लोक ज्याच्याकडे आ वासून बघत असतात ती केळ असते. पाटी लावून, लॅटिन नाव देऊन मांडलेली वेल मिरीची असते. हवाही ओळखीची, मे महिन्यात दुपारी रत्नागिरी स्टँडवर उतरल्यावर अंगाला चिकटते तशी. अमेरिकी आजोबा नातवाला कोकोचं झाड दाखवतात तेव्हा आपण शेजारी कौतुकाने थांबतो, आणि नारळ बघायला रांग लागते तेव्हा थोडे अवघडतो.

सदाफुलीपाशी मात्र थांबावं. आपल्याकडे ती कुंपणाला, गटाराच्या कडेला, तुळशीवृंदावनाच्या फटीत आपोआप येते आणि सगळे तिला इथलीच समजतात. ती मूळची मादागास्करची. पाम हाउसमध्ये तिला मानाची जागा आहे, कारण १९५० च्या दशकात सुरू झालेल्या संशोधनात तिच्या पानांतून निघालेल्या व्हिंब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन या द्रव्यांनी कर्करोगावरचे, विशेषतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे, उपचार बदलून टाकले. संशोधक तिच्याकडे वळले होते ते मधुमेहावरचं घरगुती औषध म्हणून. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या.

आणि पानांची टोकं बघावीत. वर्षावनातल्या कितीतरी झाडांच्या पानाला लांब, निमुळतं शेपूट असतं. तुषार सुटल्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की त्याचा उपयोग समोर दिसतो: पाणी मधल्या शिरेवरून घसरत टोकाशी येतं, तिथे थेंब धरतो आणि गळतो, पान कोरडं होतं, त्यावर शेवाळ आणि बुरशी धरत नाही. आपल्या पिंपळाच्या पानाचं टोक हेच काम करतं. जाळीदार पिंपळपान वहीत जपून ठेवणाऱ्यांनी त्या शेपटाकडे पावसात एकदा बघावं.

पाम हाउसच्या दक्षिण टोकाला, टेकू देऊन आडवं-तिरकं सांभाळलेलं एक झाड आहे. दिसायला ताडामाडासारखं, पण ताड नव्हे. ते सायकॅड, डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेल्या कुळातलं. फ्रान्सिस मॅसन या क्यूच्या माळ्याने ते दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमधून आणलं आणि १७७५ पासून ते इथे कुंडीत आहे. म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर दोन वर्षांनी कुंडीत लावलेलं रोप अजून त्याच बागेत आहे. वाढ वर्षाला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. इतक्या काळात त्याला इथे शंकू आला तो एकदाच, १८१९ मध्ये. तो बघायला म्हातारे सर जोसेफ बँक्स मुद्दाम आले होते. पुढच्याच वर्षी ते वारले.

दुसरं सायकॅड टेंपरेट हाउसमध्ये आहे. पाम हाउसच्या दुप्पट मोठी ही इमारत १८६३ मध्ये खुली झाली, पूर्ण व्हायला १८९९ उजाडलं आणि अलीकडे पाच वर्षं बंद ठेवून ४ कोटी १० लाख पौंड खर्चून दुरुस्त झाली. २०१८ पासून पुन्हा उघडी आहे. इथे उष्ण प्रदेशातली झाडं नाहीत. गोठण्यापासून वाचवलं की झालं, एवढीच गरज असलेली झाडं इथे राहतात, त्यामुळे हवाही कोरडी आणि गार. चष्मा शाबूत राहतो. तर इथे एन्सेफॅलार्टॉस वुडी नावाचं सायकॅड आहे. जॉन मेडली वुड यांना १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात याचं एकच झाड सापडलं, नर. सायकॅडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादी तेव्हा सापडली नाही, नंतरही नाही. जगभरातल्या बागांत आज या जातीची जी झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या फुटव्यांतून आलेली, म्हणजे खरं तर एकच झाड अनेक कुंड्यांत. क्यूला ते १८९९ मध्ये आलं, त्याला शंकू आला २००४ मध्ये. अलीकडे ड्रोनने त्या जंगलाचे फोटो काढून संगणकाकडून मादीचा शोध चालला आहे. जंगलात तर हे झाड कधीच संपलं. काचघर ते मरू देत नाही, पण बीज धरण्यापुरतं जगवणंही त्याच्या हातात नाही.

कधी कधी मात्र ते हाती येतं. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर कॉफीच्या कुळातलं कॅफे मॅरॉन नावाचं झुडूप संपलं असं मानलं जात होतं. १९८० मध्ये एका शाळकरी मुलाने रस्त्याकडेला त्याचं शेवटचं झाड शोधलं. त्याच्या फांद्या विमानाने क्यूला आल्या, एक जगली. तिच्यापासून केलेली रोपं वर्षानुवर्षं पांढरीशुभ्र फुलं देत राहिली, बी मात्र एकही नाही. कार्लोस माग्दालेना या स्पॅनिश माळ्याने ते मनावर घेतलं. फुलाच्या कुक्षीला छेद देऊन थेट आत पराग घाल, झाड जास्त ऊब मिळेल अशा जागी हलव, पुन्हा पराग घाल, असं करत २००३ मध्ये त्याने एक फळ धरवलं. त्या बियांची पुढची पिढी रॉड्रिग्जला परत गेली. याच माळ्याने २००९ मध्ये रवांडातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्याकाठची, पान जेमतेम एका सेंटिमीटरचं असलेली जगातली सर्वांत लहान कमळण वाढवून दाखवली. झरा आटला होता, मूळ जागी ती उरली नव्हती. बाकी कमळणींची रोपं पाण्याखाली वाढीला लागतात, ही मात्र काही केल्या वाढेना. तिला वाढायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने कुंडी पाण्याच्या पातळीबरोबर ठेवली. २०१४ च्या जानेवारीत तिचं एक रोप काचघरातून चोरीला गेलं. चोरणाऱ्याने खिशात घालून नेलं असणार, आकारच तेवढा.

काचघराचा आणखी एक धंदा होता, आणि तो पाट्यांवर अलीकडे अलीकडेच मोकळेपणाने लिहिला जाऊ लागला आहे. १८२९ मध्ये लंडनच्या पूर्व भागातल्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली. कोषाचं राहिलं बाजूला. बाटलीत नेचा उगवला. त्याच्या बागेतले नेचे धुराने मरत होते, हा मात्र कुणी पाणी न घालता वर्षानुवर्षं जगला. दिवसा पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब होऊन परत मातीत जायची. वॉर्डने यावरून बंद काचेच्या पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये रोपं भरून दोन पेट्या ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. जिवंत पोचल्या. जहाजावर गोड्या पाण्याचा थेंब न खर्चता, खारा वारा न लागता झाडं आता कुठूनही कुठेही नेता येऊ लागली.

मग त्यांनी नेलीही. १८६० च्या आसपास दक्षिण अमेरिकेतला सिंकोना क्यूमार्गे निलगिरीत आला. हिवतापावरचं क्विनीन त्यातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७० हजार रबराच्या बिया आणल्या. क्यूच्या काचघरांत त्यांतल्या शंभरातल्या चारच्या आसपास रुजल्या. १,९०० हून अधिक रोपं वॉर्डच्या पेट्यांतून सिलोनला गेली आणि तिथून पुढे मलाया. चाळीसेक वर्षांत ब्राझीलचा रबराचा बाजार बसला. बियांच्या बदल्यात ब्राझीलला काय मिळालं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं दिसत नाही. साम्राज्याची ही नर्सरी होती, हे विसरून नुसत्या हिरवाईचं कौतुक करणं मला जमत नाही.

महाराष्ट्राचा धागा याच काळातला, पण तो काचघरात नसून वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटांत आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे पुढच्या सीओईपीचे, प्राचार्य थिओडोर कुक निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि क्यूच्या वनस्पतिसंग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला. सह्याद्रीतली वनस्पती ओळखायची तर अभ्यासक आजही ‘कुक काय म्हणतो’ हे आधी बघतात.

वेळ उरला तर प्रिन्सेस ऑफ वेल्स कॉन्झर्व्हेटरी. १९८७ मध्ये डायनाच्या हस्ते उघडली, पण नाव आहे त्या १७५९ वाल्या ऑगस्टाचं. अर्धी जमिनीत रोवलेली, म्हणून ऊब कमी वाया जाते. आत संगणकावर चालणारे दहा हवामानविभाग: एक दार ढकललं की निवडुंगांचं वाळवंट, पुढचं ढकललं की ऑर्किडांचं दमट रान. छपरावर पडणारा पाऊस जमिनीखालच्या टाक्यांत साठवून झाडांना घालतात. लंडनचं नळाचं पाणी चुनखडीतलं, जड. ऑर्किड आणि कीटकभक्षी वनस्पतींना ते सोसत नाही. तुमचा दिवस बिघडवणारा पाऊस त्यांना हवा असतो.

हेच यंत्र उलटंही चालतं. बेंगळुरूच्या लालबागेतलं काचघर १८८९ सालचं, क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरचं, लोखंड ग्लासगोहून आणलेलं. पण तिथल्या हवेत ऊब साठवायची गरजच नाही, म्हणून ते फुलांच्या प्रदर्शनाचा मांडव झालं. सिंगापूरची २०१२ ची दोन काचघरं तर आत गारवा तयार करतात, म्हणजे विषुववृत्ताजवळ बॉयलरच्या जागी कूलर. आणि तळेगाव, मावळाकडच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये छपराचं एक मोठं काम पाऊस बाहेर ठेवणं हेच असतं. पानं ओली राहिली की बुरशी आलीच.

क्यूमध्ये आता चिंता बाहेरच्या बागेची जास्त आहे. १९ जुलै २०२२ रोजी क्यूच्या हवामानकेंद्रावर ४०.१ अंश नोंदले गेले. त्या वर्षीच्या दुष्काळात बागेतली चारशेहून अधिक झाडं गेली. काचेखालची नव्हे, उघड्यावरची, ज्यांना आजवर कुणी यंत्र लावलं नव्हतं. पुढे लावायची झाडं निवडताना ती आता अधिक कोरड्या प्रदेशांतून शोधली जात आहेत.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. आधी टेंपरेट हाउस बघावं आणि मग पाम हाउस. उलट केलं तर घामाने भिजून गारठ्यात जावं लागतं. पाम हाउसमधला गोल लोखंडी जिना उघडा असेल तर वर जरूर जावं: नऊ मीटर उंचीवरच्या सज्जातून झाडांचे शेंडे खालून नव्हे, वरून दिसतात, आणि गरम हवा वर जमते म्हणजे नेमकी किती, हे अंगाला कळतं. शेजारचं १८५२ सालचं वॉटरलिली हाउस हिवाळ्यात बंद असतं. परातीएवढ्या नव्हे, माणूस आडवा झोपेल एवढ्या पानांची व्हिक्टोरिया कमळण बघायची असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये जावं. पाऊस तेव्हाही पडतो.